वळणाचं लाकूड

पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये सागवानाची चौकशी केली की वखारवाला आधी बसायला सांगतो. बर्मा, घाना, बल्लारशा अशी नावं निघतात, फळी उलटीसुलटी होते, ओल्या बोटाने रंग दाखवला जातो. बीच या युरोपीय लाकडाचं नाव काढलं तर तो कोपऱ्याकडे नुसता हात करतो. "स्टीम बीच तिकडे आहे, ताई. जर्मनीचं. सगळं एकसारखं येतं." संपलं. त्या लाकडाबद्दल याहून जास्त बोलावं असं त्याला वाटत नाही.

घरांच्या आतली कामं करून देणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे त्या कोपऱ्यात मी बऱ्याचदा उभी राहिले आहे. मला ते लाकूड आवडतं. असं म्हटलं की आमचे मिस्त्री गालातल्या गालात हसतात. ते मूळचे राजापूरकडचे; साग, फणस, ऐन यांवर पिढ्यान्‌पिढ्या हात चाललेला. बीचची पहिली फळी रंधून झाल्यावर त्यांनी ती नाकाशी नेली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वास नाही, रेघ नाही. लाकूड आहे की साबण?"

तक्रार खोटी नव्हे. आपल्याकडे लाकडाची ओळख वासावरून, रेघेवरून आणि वजनावरून होते. साग रंधताना चामड्यासारखा तेलकट वास सुटतो, शिसवीत काळे पट्टे दिसतात, फणस पिवळाधमक असतो आणि वर्षं जातील तसा तांबूस होतो. बीच यातलं काहीच देत नाही. ताजी चिरलेली फळी फिकट, साईच्या रंगाची, कुठे किंचित गुलबट. लांबून पाहिलं तर कोरा कागदच. जवळ जाऊन, फळी उजेडाकडे तिरकी धरून पाहिली, की मग दिसतात ते ठिपके: सगळ्या पृष्ठभागावर विखुरलेल्या, दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या, तपकिरी, बारीक चिरा. कुणीतरी टोकदार पेन्सिलीने फुरसतीत टिंबं काढत बसावं तशा. झाडाच्या गाभ्यापासून सालीकडे आडव्या जाणाऱ्या पेशींच्या रांगांची ती टोकं. तीच फळी गाभ्याच्या दिशेने उभी चिरली, तर टोकांऐवजी त्या रांगांच्या बाजू दिसतात आणि लाकडावर रेशमी चकाकीचे तुकडे उमटतात. एकदा हे ठिपके ओळखता आले की मग सुटका नाही. हॉटेलातल्या खुर्चीचा हात, ब्रशची पाठ, मुलांचे ठोकळे, परदेशी हातोडीचा दांडा, जिथे तिथे तेच ठिपके दिसायला लागतात.

पानगळी जंगलाच्या युरोपात हे झाड सगळ्यात दांडगं. शास्त्रीय नाव फॅगस सिल्व्हॅटिका. साल आयुष्यभर राखाडी, गुळगुळीत आणि पातळ, म्हणून प्रेमिकांनी कोरलेली नावं त्यावर दशकानुदशकं राहतात. अंगलोट नाजूक असली तरी स्वभाव मात्र दादागिरीचा. बीचची सावली इतकी दाट की तिच्याखाली ओकची रोपं तग धरत नाहीत. बीचची स्वतःची रोपं मात्र आईच्या सावलीत वर्षानुवर्षं कंबरभर उंचीची राहून वाट बघतात. वरचं एखादं झाड पडलं, उजेडाची फट मिळाली, की सरळ वर. माणसाने हात लावला नसता तर आजच्या जर्मनीचा बहुतेक भाग बीचच्या जंगलाखाली असता, असं वनशास्त्रज्ञ सांगतात. प्रत्यक्षात तिथल्या जंगलात स्प्रूस आणि पाइन पुढे आहेत, कारण गेल्या दोन-अडीचशे वर्षांत ती झाडं लवकर वाढतात म्हणून हाताने लावली गेली. शेवटचं हिमयुग संपल्यावर दक्षिणेतल्या थोड्या आसऱ्यांतून निघून या एका जातीने खंडाचा बराच मोठा भाग व्यापला. त्या पसरण्याची साक्ष देणारी उरलीसुरली जुनी जंगलं युनेस्कोने २००७ पासून जागतिक वारशात घ्यायला सुरुवात केली. आधी स्लोव्हाकिया आणि युक्रेन, २०११ मध्ये जर्मनी, आणि २०२१ पर्यंत ही यादी अठरा देशांत पोचली. एका झाडासाठी अठरा देशांनी एका अर्जावर सह्या करायच्या, हे युरोपातही रोज घडत नाही.

या दाटीचा लाकडाला फायदा होतो. उजेड न मिळाल्याने खालच्या फांद्या लवकर वाळून गळतात आणि खोड बरंच उंचपर्यंत बिनगाठीचं, सरळसोट राहतं. शंभर-सव्वाशे वर्षांनी ते तोडायला येतं. तोड हिवाळ्यात, आणि चिराई उन्हाळा लागायच्या आत, कारण ओंडका ऊबदार हवेत पडून राहिला की बुरशी शिरते आणि लाकूड आतून रंग टाकतं. वय झालेल्या झाडात गाभ्याला तांबडा डागही धरतो. ताकदीत त्याने फारसा फरक पडत नाही, पण गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि भाव पडतो. फिकट, डागविरहित, एकसारखं लाकूड हवं, ही बाजाराची हौस. त्यावरचा तोडगा म्हणजे वाफ. चिरलेल्या फळ्या बंद खोलीत दीड-दोन दिवस वाफेवर ठेवतात. फिकटपणा जाऊन सगळीकडे सारखा गुलबट-तपकिरी रंग येतो, आतले ताण सैल होतात, किडेही मरतात. आपल्या वखारीतलं 'स्टीम बीच' ते हेच. पांढरं, न वाफवलेलं बीच आपल्याकडे कमी दिसतं.

आता दोष. माझ्या वडिलांच्या पिढीने लाकडाला एकच प्रश्न विचारला: टिकेल का? वाळवी, चार महिन्यांचा पाऊस, समुद्राची हवा, यांच्यात राहणाऱ्या माणसांनी दुसरा प्रश्न विचारण्याचं कारणही नव्हतं. या प्रश्नावर बीच सपशेल नापास. लाकूड किती तग धरतं याच्या युरोपीय मानकात पाच वर्ग आहेत. जंगलातला जुना साग पहिल्यात, बीच शेवटच्या पाचव्यात. उघड्यावर मातीत रोवलं तर पाच वर्षंही काढत नाही. घरात ठेवलं तरी भुंगा लागतो. आणि दमट हवेत हे लाकूड हलतं. ओलं लाकूड पूर्ण सुकवलं तर साधारण चिरलेल्या फळीची रुंदी जवळजवळ बारा टक्के कमी होते. सागाची याच्या निम्म्यानेच. व्यवहारात सांगायचं तर, युरोपात आठ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवून आलेली फूटभर रुंदीची फळी कोकणात नेली आणि पावसाळ्यात तिचा ओलावा चौदावर गेला, तर ती सहा-सात मिलिमीटर रुंद होते. ड्रॉवर अडकायला दोन मिलिमीटर पुरतात. वाफवल्याने हे थांबतं असं वखारीत ठणकावून सांगतात. ते मनावर घेऊ नये. बाहेरच्या दाराच्या चौकटीला स्टीम बीच वापरण्याची जी टूम निघाली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. स्वस्त पडतं हे खरं. पण चौकट म्हणजे भिंतीत पुरलेलं लाकूड, आणि तिथे वडिलांचाच प्रश्न लागू होतो.

मग आवडतं कशासाठी? कारण या लाकडाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ते कठीण आहे, सागाहून बरंच. वजनाला घनमीटरमागे सातशे किलोच्या आसपास. तरीही रंध्याखाली अडत नाही, पटाशीला कुठूनही वाट देतं, लेथवर लोण्यासारखं उतरतं. आणि वाफेत मऊ केलं की वळतं. किती वळतं, हे समजून घ्यायचं तर एका माणसाची गोष्ट सांगावी लागेल.

मिखाएल थोनेट १७९६ मध्ये ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावात जन्मला. पेशाने फर्निचरवाला सुतार; १८१९ मध्ये स्वतःचं दुकान. त्या काळी खुर्चीचा बाकदार पाय करायचा म्हणजे जाड लाकडातून तो बाक कोरून काढायचा. अर्ध्याहून जास्त लाकूड भुशात, आणि बाक जिथे लाकडाच्या धाग्यांना आडवा जाईल तिथे पाय मोडणार हे ठरलेलं. थोनेटने १८३०च्या दशकात पातळ पट्ट्या सरसात उकळून, साच्यात वाकवून, एकमेकींना चिकटवून बाकदार भाग बनवायला घेतले. १८४१ मध्ये कोब्लेंझच्या प्रदर्शनात ते ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निख याच्या नजरेला पडले आणि पुढच्याच वर्षी थोनेट व्हिएन्नाला गेला. मागे बोपार्डमधली मालमत्ता सावकारांनी उचलली. व्हिएन्नात राजवाड्याच्या लाकडी जमिनी, मग कॅफे डाउमसाठी खुर्च्या, मग १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कांस्यपदक. बरं चाललं होतं.

अडचण आली ती दमट हवेची. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा. ओलाव्यात तो सुटतो. समुद्रापार दमट देशांत गेलेल्या मालाचे थर उकलू लागले. म्हणजे सरसाशिवाय, अख्खं लाकूडच वाकवलं पाहिजे. आता यातली मेख अशी: लाकूड वाकवताना आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. वाफेत मऊ झालेलं लाकूड दाब भरपूर सोसतं, लांबीच्या पावपटीपर्यंत आखडू शकतं. ताण मात्र एक-दोन टक्क्यांपलीकडे सोसत नाही, बाहेरून फाटतं. थोनेटची युक्ती म्हणजे पोलादाची एक पट्टी. ती दांडक्याच्या बाहेरच्या अंगाला बसवायची आणि दोन्ही टोकांना घट्ट अडकवायची. आता बाहेरची बाजू लांबूच शकत नाही, त्यामुळे सगळा बाक आतल्या बाजूने आखडून घ्यावा लागतो. एवढंच. १८५६ मध्ये त्याला यासाठी तेरा वर्षांचा एकट्याचा हक्क मिळाला.

आजही काम याच पद्धतीने चालतं, आणि ते बघण्यासारखं असतं. दांडकी आधीच कातून गोल केलेली. वाफेच्या पेटीतून एक निघतं तेव्हा त्यातून वाफ उसळत असते. दोघं जण दोन टोकं धरतात, पट्टी चढवतात, मधला भाग ओतीव लोखंडाच्या साच्यावर ठोकून पकडतात आणि मग दोघंही आपापलं टोक घेऊन साच्याभोवती चालू लागतात. जोर हातांचा कमी, अंगाचा जास्त. दोघांची पावलं सारखी पडली पाहिजेत, नाहीतर एका बाजूचा बाक चुकतो. हे सगळं मिनिटभरात उरकावं लागतं, कारण लाकूड थंड झालं की संपलं. करकर आवाज येतो, पण मोडल्याचा नव्हे. मग साच्यासकट ते गरम कोठीत सुकायला जातं आणि बाहेर येतं तेव्हा पट्टी काढली तरी बाक तसाच राहतो.

यासाठी लाकूड कसं हवं? एकसारखं. कुठे मऊ पट्टा, कुठे कडक पट्टा असेल तर दाब मऊ जागी साठतो आणि तिथे सुरकुती पडते. सागात वर्षावर्षाच्या वलयांत असा फरक असतो. बीचमध्ये छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी पसरलेली. मिस्त्रींना खटकलेलं 'रेघ नाही' ते इथे कामाला येतं. शिवाय लाकूड फार सुकलेलंही चालत नाही, वीस-पंचवीस टक्के ओलावा राखलेला हवा. म्हणून थोनेटने कारखाना शहरात न काढता आजच्या चेक प्रजासत्ताकात येणाऱ्या मोराव्हियातल्या कोरिचानीला, बीचच्या जंगलाला लागून काढला; १८६१ मध्ये दुसरा बिस्त्रित्सेला. १८५९ मध्ये आली ती चौदा नंबरची खुर्ची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. मागचे दोन्ही पाय आणि पाठीची कमान मिळून एकच दांडकं, जवळजवळ दोन मीटरचं. आत एक छोटी कमान, बसायचं कडं, पुढचे दोन पाय, पायांना बांधणारं एक कडं. झाली खुर्ची. एक घनमीटरच्या खोक्यात सुट्या भागांत छत्तीस खुर्च्या मावत. १९३० पर्यंत पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या.

त्यातल्या आणि तिच्या भावंडांतल्या कितीतरी मुंबईत उतरल्या. इराण्याच्या हॉटेलात बसलेल्या प्रत्येकाने तो बाक पाठीला अनुभवला आहे. संगमरवरी टेबल, आरसे, बन-मस्का आणि ती काळपट, हलकी, पाठीशी कमान असलेली खुर्ची. कुठून आली असं विचारलं तर एक मालक ऑस्ट्रिया म्हणतो, दुसरा पोलंड, तिसरा चेकोस्लोव्हाकिया, आणि प्रत्येकाला आपल्याच आजोबांची माहिती खरी वाटते. तिघंही खरे असू शकतात. कोरिचानी आणि बिस्त्रित्से १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत होती, मग चेकोस्लोव्हाकियात गेली, १९९३ पासून चेक प्रजासत्ताकात आहेत. थोनेटचा एक कारखाना नोव्हो-राडोम्स्क गावी होता. ते गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. शिवाय १८६९ मध्ये थोनेटचा हक्क संपला आणि कोन पिता-पुत्रांसारखे तालेवार स्पर्धक मैदानात आले. खुर्ची तीच, जंगल तेच. पाटीवरचा देश तेवढा बदलत राहिला. बिस्त्रित्सेचा कारखाना आजही चालू आहे, आता टॉन या नावाने.

मला गंमत वाटते ती वेताची. बसायच्या कड्यात विणलेला वेत आग्नेय आशियाच्या जंगलांतला. तो समुद्रमार्गे युरोपात जायचा, मोराव्हियाच्या खेड्यांत बाया घरी बसून त्याची जाळी विणायच्या, आणि मग खुर्ची पुन्हा समुद्र ओलांडून पूर्वेकडे यायची. इराण्यांकडे पुढे वेताऐवजी ठशाच्या नक्षीची प्लायची बैठक जास्त दिसते. तेही शहाणपणच म्हणायचं. वेताला दिवसाला शंभर गिऱ्हाइकं झेपत नाहीत.

इथे कुणी मला अडवेल. दमट हवेत हलणारं, भुंगा लागणारं लाकूड, असं आताच म्हणालात, मग मुंबईच्या हवेत या खुर्च्या इतकी वर्षं उभ्या कशा? एक तर त्या घरात आहेत, मातीत नाहीत, आणि रोज वापरल्या, पुसल्या, पॉलिश केल्या जातात. दुसरं म्हणजे त्यांत रुंद फळी कुठेच नाही. बीच फुगतं ते रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. बोटा-दीड बोटाच्या जाडीचं दांडकं फुगून फुगून किती फुगणार? आणि भाग एकमेकांना सरसाने जखडलेले नाहीत, स्क्रू आहेत. सैल झाले तर कुणीही आवळावेत. दमट हवेने हरवलेल्या माणसाने दमट हवेचाच हिशेब मांडून केलेली ती खुर्ची आहे. लाकडाचा दोष त्याने लपवला नाही, दोषाला जागाच ठेवली नाही.

ल कॉर्बुझिए या वास्तुकाराला थोनेटच्या खुर्च्यांचं फार कौतुक. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनातल्या आपल्या दालनात त्याने मुद्दाम त्याच मांडल्या. पुढे तोच चंदीगड वसवायला आला आणि फर्निचरचं काम त्याचा चुलतभाऊ पिएर जनरे याने पाहिलं. चंदीगडच्या खुर्च्या कशाच्या? सागाच्या, वेताच्या बैठकीच्या, सरळ आणि तिरक्या दांडक्यांच्या. बाक औषधालाही नाही. हातात साग असेल तर सागासारखीच खुर्ची करावी, हे त्याला कळलं होतं. आज त्या खुर्च्या परदेशी लिलावात लाखांनी विकल्या जातात, आणि आपल्याकडे काही जण बीचला सागाचा रंग फासून तीच घडण करून देतात. त्याबद्दल न बोललेलं बरं.

बाकी उपयोगांची यादी लांब आहे, पण सूत्र एक: जिथे लाकूड हाताशी, तोंडाशी किंवा ताणाखाली येतं तिथे बीच. वास-चव नाही म्हणून स्वयंपाकघरात. नवी मुंबईत आयकिया उघडल्यापासून आपल्या घरांत शिरलेले फिकट लाकडी कालथे आणि चमचे उजेडात तिरके धरून पाहा, ठिपके दिसतील. युरोपातल्या सुतारांची कामाची टेबलं आणि जुने लाकडी रंधे बीचचेच. पियानोतल्या दोनशेहून जास्त तारा ज्या खुंट्यांवर ताणलेल्या असतात त्या खुंट्या जिच्यात रोवतात ती फळी बऱ्याचदा बीचच्या थरांची असते. सगळ्या तारांचा मिळून ताण अठरा-वीस टनांवर जातो आणि खुंटी सरकायची नाही म्हणजे नाही. कारण तेच, सगळ्या दिशांनी सारखं घट्ट लाकूड. उघड्यावर कुजणारं हेच लाकूड क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवणारं डांबरी तेल, मात्र घटाघट पितं, म्हणून फ्रान्स-जर्मनीत रेल्वेरुळांखाली त्याचे स्लीपर घातले गेले. आणि क्रिओसोट या नावाचा पहिला पदार्थ सापडला तोही बीचच्याच डांबरात, १८३२ मध्ये, कार्ल रायखेनबाख याला. जर्मनीतल्या बांबेर्ग शहरात बिअरचा माल्ट बीचच्या धुरावर सुकवतात. मासे आणि मांसही धुरवतात. आणि मऊ बनियनवर 'मोडाल' असं छापलेलं असतं ना, तो धागाही बहुधा ऑस्ट्रियात बीचचा लगदा करून काढलेला. म्हणजे माझे मिस्त्री ज्या लाकडाला साबण म्हणाले ते कदाचित त्यांच्या अंगावरच होतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र अलीकडे मनात घर करून आहे. २०१८ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत मध्य युरोपात पाऊस आटला आणि जर्मनीच्या थुरिंगियातल्या हाइनिखसारख्या जुन्या जंगलांत उंच बीच शेंड्याकडून वाळू लागले. स्प्रूस मरणार हे वनाधिकारी धरून चालले होते. बीच तर तिथलं हक्काचं झाड. पातळ सालीला थेट ऊन सोसत नाही, त्यामुळे शेजारचं झाड पडलं की उघड्यावर आलेलं पुढचंही करपतं. आता लागवड करताना बीचबरोबर ओक, मॅपल, हॉर्नबीम अशी मिसळ केली जाते. तांबड्या गाभ्याचं, डागाळलेलं लाकूड बाजारात वाढेल असं मला वाटतं, आणि मला त्याची हरकत नाही. गेल्या वर्षी एका डायनिंग टेबलासाठी तशाच फळ्या मी निवडून घेतल्या. फिकट लाकडात तांबड्या ढगांसारखे डाग. वखारवाल्याने भाव कमी केला वर फुकट वाहतूक दिली. मिस्त्रींनी पहिल्यांदाच त्या लाकडाला नावं ठेवली नाहीत.

माझ्या घरी ओशिवऱ्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या दोन वाकवलेल्या खुर्च्या आहेत. बैठकीखाली कागदी लेबलाचा फाटका तुकडा आहे, अक्षरं गेलेली. कड्याची दोन टोकं एकमेकांवर तिरकी घासून जिथे जोडली आहेत तो सांधा डोळ्यांना दिसत नाही, नख फिरवलं की लागतो. अशी खुर्ची तुमच्याकडे असेल तर देखभालीचं एकच सांगते. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की ती उलटी करा आणि सगळे स्क्रू आवळा. लाकूड सुकून आत गेलेलं असतं. पावसाळ्यात डुगडुगली तरी हात लावू नका. फुगलेल्या लाकडात स्क्रू पिळला की भोवतालचे धागे चेपतात, आणि डिसेंबरात खुर्ची आधीपेक्षा जास्त डुगडुगते. भोक सैलच झालं असेल तर त्यात सागाची नको, बीचचीच बारीक काडी घालून मग स्क्रू बसवा. काडीसाठी तुटलेला लाकडी चमचा चालतो.